माहितीपट दाखवा, पण वर्ग भरवून दाखवा

खानदेशातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि पालक-शिक्षक संघांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या शैक्षणिक वर्षात आपल्या भागातल्या दोन शाळांमध्ये राजकीय विषयांवरचे दोन माहितीपट विद्यार्थ्यांना दाखवण्यात आले. एक सरकारी योजनांचे कौतुक करणारा होता आणि दुसरा सरकारी धोरणांवर कडक टीका करणारा. पहिल्या शाळेत काही पालकांनी 'हा शाळेत चाललेला प्रचार आहे' अशी तक्रार केली, दुसऱ्या शाळेत वेगळ्या पालकांनी जवळजवळ त्याच शब्दांत तीच तक्रार केली, आणि दोन्हीकडे निकालही एकच लागला: संस्थेच्या बैठकीत तोंडी ठरले की यापुढे पाठ्यपुस्तकाबाहेरचे काहीही पडद्यावर लावायचे नाही. शाळांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही. त्या दोनच शाळांचा हा प्रश्न नाही, आणि नाव घेतले की चर्चा माणसांवर घसरते.

मी इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. तोंडी बंदीचा हा निर्णय मला चुकीचा वाटतो, आणि ज्या पद्धतीने ते माहितीपट दाखवले गेले तीही चुकीची वाटते. माहितीपट कोणत्या तरी बाजूने बोलतो यात काही गैर नाही. बाजू न घेता केलेला राजकीय माहितीपट मी अजून पाहिलेला नाही. आक्षेप घ्यायचा तो याला, की ती बाजू कोणती हे मुलांना न सांगता, प्रश्नांना जागा न ठेवता, शाळेच्या अधिकाराचा शिक्का मारून ती त्यांच्यापुढे ठेवली जाते. पुढचे सगळे पत्र या एका मुद्द्याबद्दल आहे.

यातला एक कार्यक्रम मी स्वतः पाहिला, कारण जुन्या शिक्षिका म्हणून मला बोलावले होते. सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला, आठवी ते दहावीचे सगळे वर्ग जमिनीवर मांडी घालून बसलेले, मागच्या भिंतीला टेकून शिक्षक उभे. पाऊण तास चित्रफीत चालली. ती संपल्यावर दिवे लागले, टाळ्या झाल्या, एका शिक्षकांनी मोबाइलवर चारही कोपऱ्यांतून फोटो काढले, उपस्थितीचा आकडा लिहून घेतला आणि मुले रांगेने वर्गात गेली. चित्रफितीबद्दल कोणीही एक वाक्य बोलले नाही. जाताजाता नववीतल्या एका मुलीने मला विचारले, "बाई, हे परीक्षेला येणार आहे का?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. शाळेत जे बसवून दाखवतात ते एक तर परीक्षेसाठी असते किंवा मान डोलावण्यासाठी, एवढे तिला नऊ वर्षांच्या शाळेने शिकवले आहे.

फोटो आणि उपस्थितीचा हा भाग वरवर किरकोळ वाटतो, पण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो हे आपण मुख्याध्यापक मंडळी माझ्यापेक्षा चांगले जाणता. मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर संध्याकाळी एक पत्र येते, त्यात एक लिंक असते, उद्याची किंवा परवाची तारीख असते आणि शेवटी 'कार्यक्रम घेऊन छायाचित्रांसह अहवाल आजच सादर करावा' अशी ओळ असते. चित्रफीत आधी पाहायला वेळ कोणाकडे नसतो. तिच्यावर वर्गात काय बोलायचे हे त्या पत्रात कधी लिहिलेले नसते, कारण अहवालाच्या रकान्यात त्याला जागाच नाही. तेव्हा झाडे लावा, हात धुवा, दौड काढा, माहितीपट दाखवा ही सगळी कामे एकाच मापाने उरकली जातात. झाडाच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. राजकीय मताच्या बाबतीत चालणार नाही.

त्यात आपल्याकडे आणखी एक अडचण आहे आणि ती उघड बोलायला हवी. आपल्या कितीतरी शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष किंवा संचालक कोणत्या ना कोणत्या पक्षात सक्रिय असतात. संस्था उभ्या करण्यात त्यांचा किंवा त्यांच्या वडिलांचा वाटा असतो, तो मी नाकारत नाही. पण अध्यक्ष या पक्षातून त्या पक्षात गेले की स्नेहसंमेलनाचे पाहुणे बदलतात, आणि सभागृहातली चित्रफीतही बदलू शकते. मुलांच्या हे लक्षात येत नाही असे समजण्याचे कारण नाही. आठवीतल्या मुलाला गावातल्या चौकातला फलक कधी उतरला आणि कधी नवा लागला हे आपल्याआधी कळते.

तर मग 'शाळेत राजकारणच नको' हा मार्ग सोपा नाही का, असे काही जण विचारतील. तो मार्ग निदान खानदेशात तरी आपल्याला मोकळा नाही. दरवर्षी ९ सप्टेंबरला आपण मुलांना शिरीषकुमारची गोष्ट सांगतो. १९४२ साली नंदुरबारला हातात तिरंगा घेऊन मिरवणुकीत निघालेला पंधरा-सोळा वर्षांचा तो मुलगा पोलिसांच्या गोळ्यांनी पडला, आणि त्याच्यासह पाच कोवळे जीव त्या दिवशी गेले. ही राजकीय गोष्ट नाही तर काय आहे? फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, आणि ते आपण जिल्ह्याचा मान म्हणून शिकवतो. ज्या वयात शिरीषकुमार रस्त्यावर उतरला त्याच वयाच्या मुलांना धरणावरचा, हमीभावावरचा किंवा आरक्षणावरचा माहितीपट झेपणार नाही, असे म्हणताना आपली जीभ अडखळायला हवी.

या संदर्भात मला साने गुरुजींची आठवण होते. आदराने त्यांचे नाव घेऊन सोडून देणे सोपे असते, म्हणून मी त्यांच्या आयुष्यातल्या एका ठरावीक निर्णयाकडे बोट दाखवते. १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. देशात काय चालले आहे याबद्दल त्यांना मत नव्हते असे कोण म्हणेल? पण १९३० मध्ये सविनय कायदेभंगात उतरायची वेळ आली तेव्हा त्यांनी शाळेची नोकरी सोडली आणि मग ते चळवळीत गेले. दोन वर्षांनी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने उतरवून घेणारे गुरुजी हे सत्याग्रही कैदी होते, कोणत्या वर्गाचे वर्गशिक्षक नव्हते. नागरिक म्हणून घेतलेली बाजू आणि शिक्षकाच्या खुर्चीतून दिलेले मत यांत अंतर ठेवायला हवे, हे त्या निर्णयातून मला दिसते. त्या खुर्चीसमोर बसलेली मुले उठून जाऊ शकत नाहीत, आणि सभेतला श्रोता मात्र केव्हाही उठू शकतो.

आता माहितीपटातल्या बाजूबद्दल. आमच्या पिढीने जळगाव-भुसावळच्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे वृत्तपट आणि माहितीपट पाहिले. ही संस्था १९४८ साली स्थापन झाली आणि तिचे पट दाखवणे चित्रपटगृहांना परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक होते. धरणांची उद्घाटने, पुरातले मदतकार्य, पंचवार्षिक योजना हे सगळे एका भारदस्त आवाजात सांगितले जाई. आणीबाणीच्या काळात त्याच आवाजाने वीस कलमी कार्यक्रमाचे गुणगान केले. त्याला राजकीय प्रचार म्हणावे हे आमच्यातल्या फार थोड्यांच्या मनात आले, कारण तो आवाज सरकारचा होता आणि सरकारचा आवाज बाजू घेत नाही अशी आमची भाबडी समजूत होती. विरोधकाने केलेला पट बाजू घेतो हे चटकन दिसते, कारण तो रागावलेला असतो. सत्तेत असलेल्याचा पट शांत असतो, त्यामुळे त्याची बाजू दिसायला वेळ लागतो. पक्षपाताची तक्रार करणाऱ्या दोन्ही पालकगटांनी हे ध्यानात घ्यावे.

बाजू नेमकी कुठे असते हे मुलांना शिकवता येते, आणि ते गणिताइतके अवघडही नाही. कोणाच्या चेहऱ्याखाली नाव व पद लिहिले जाते आणि कोण नुसता 'एक ग्रामस्थ' राहतो, गोष्ट कोणत्या वर्षापासून सुरू केली आहे, संगीत कुठे चढते आणि कुठे थांबते, कोणाला पूर्ण वाक्य बोलू दिले आहे आणि कोणाचे वाक्य मध्येच तोडले आहे, हे पाहायला डोळे-कान लागतात, पदवी लागत नाही. मी शिकवत असताना एकदा कापूस उत्पादकांवरची एक चित्रफीत नववीला दाखवली होती. निवेदक सांगत होता की जूनमध्ये पावसाने दडी मारली, आणि पडद्यावर फुटलेल्या बोंडांनी पांढरे झालेले शेत दिसत होते. मागच्या बाकावरचा पारोळ्याकडचा एक मुलगा एकदम म्हणाला, "बाई, जूनमा बोंडं कथाईन उनात?" म्हणजे जूनमध्ये बोंडं कुठून आली? वर्ग हसला. मी चित्रफीत थांबवली आणि उरलेला तास त्या एकाच दृश्यावर गेला. दृश्य खरे, निवेदन कदाचित खरे, पण दोन्हींचा महिना वेगळा; मग ती एकमेकांना कोणी आणि का चिकटवली असतील? कोरडवाहू कापसाची लावण, बोंडे धरणे, दिवाळीच्या आसपासची वेचणी हे सगळे त्या मुलांनी फळ्यावर लिहून दिले. निवेदकाला खोटे ठरवणे हा हेतू नव्हता, आणि शेतकऱ्याच्या अडचणी खऱ्या आहेत हे त्या मुलांइतके कोणाला ठाऊक असणार? पण पडद्यावर दिसते ते जोडलेले असते हे त्या दिवशी त्यांना कळले ते कायमचे.

याहून जड उदाहरण आपल्या उत्तरेला आहे. सरदार सरोवर प्रकल्पात महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली आणि ती सगळी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली १९९३ च्या पावसाळ्यात पाण्याखाली जाऊ लागले. विस्थापितांच्या वसाहती तळोदा आणि शहादा तालुक्यांत उभ्या राहिल्या. म्हणजे शहाद्याच्या एखाद्या शाळेत या विषयावरचा माहितीपट लावला तर ज्याच्या आजोबांचे घर नर्मदेत गेले तो मुलगा, ज्याच्या कुटुंबाला वसाहतीसाठी दिलेल्या जमिनीबद्दल तक्रार आहे तो मुलगा, आणि गुजरातमधल्या कारखान्यात कामाला असलेल्या बापाचा मुलगा अशी तिघेही एका बाकावर बसलेली असू शकतात. प्रकल्पाची बाजू मांडणारी चित्रफीत कच्छ आणि सौराष्ट्रात पोहोचलेले पाणी दाखवील. ते खरे आहे. आंदोलनाची बाजू मांडणारी चित्रफीत बुडालेली घरे आणि पुनर्वसनासाठीची वर्षानुवर्षांची पायपीट दाखवील. तेही खरे आहे. दोन्हींपैकी एकही खोटे बोलणार नाही आणि तरी दोन्ही पाहणारी दोन मुले दोन वेगळे देश पाहून घरी जातील.

इथे शिक्षकाचे काम सुरू होते. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार या प्रकल्पातल्या विजेचा २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे, मध्य प्रदेशाचा ५७ आणि गुजरातचा १६. पाण्यात मात्र महाराष्ट्राच्या वाट्याला २८ दशलक्ष एकर-फुटांपैकी पाव दशलक्ष एकर-फूट आले (एकरभर जमिनीवर फूटभर उभे राहील तेवढे पाणी म्हणजे एक एकर-फूट). हे आकडे कोणत्याही भावुक चित्रफितीत सहसा नसतात, आणि नववीच्या मुलाला विचार करायला ते पुरेसे आहेत: गावे कोणाची गेली, वीज कोणाला मिळाली, पाणी कोणाकडे वळले? सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी प्रकल्पाला पुढे जाऊ दिले, पण तो निकाल दोन विरुद्ध एक असा होता आणि न्या. भरुचा यांनी पर्यावरणविषयक मंजुरीच्या मुद्द्यावर वेगळे मत नोंदवले. देशाच्या सर्वोच्च न्यायासनावरही एकाच कागदपत्रांवरून दोन मते होतात, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी नाही का? बहुमताच्या निकालातला एक परिच्छेद आणि भिन्नमतातला एक परिच्छेद सोप्या मराठीत करून वाचून दाखवला तर त्यासाठी दुसरा माहितीपट शोधत बसावे लागत नाही.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न कसा हाताळला हेही पाहण्यासारखे आहे. हवामानबदलावरचा, अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा 'ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रुथ' हा माहितीपट इंग्लंडच्या सरकारने तिथल्या सरकारी माध्यमिक शाळांना पाठवायचे ठरवले. केंट परगण्यातले स्टुअर्ट डिमॉक हे लॉरीचालक एका शाळेच्या नियामक मंडळावर होते आणि पालकही होते. ते या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. तिथल्या १९९६ च्या शिक्षण कायद्यातले कलम ४०६ एकांगी राजकीय मतांचा शाळेत पुरस्कार करायला मनाई करते, आणि कलम ४०७ सांगते की राजकीय वादाचा विषय वर्गात आला तर विरोधी मते समतोलपणे मांडली गेली पाहिजेत. न्यायमूर्ती बर्टन यांनी १० ऑक्टोबर २००७ रोजी निकाल दिला. माहितीपटाचे मुख्य वैज्ञानिक म्हणणे ढोबळमानाने बरोबर आहे असे त्यांनी म्हटले, पण नऊ ठिकाणी तो शास्त्रज्ञांच्या सर्वसाधारण मताच्या पुढे गेला आहे हेही दाखवून दिले. समुद्राची पातळी वीस फुटांनी वाढण्याचे चित्र जणू नजीकच्या काळातले असावे असे रंगवले आहे, प्रत्यक्षात त्याला हजारो वर्षे लागतील, हा त्यांतला एक मुद्दा. मग काय केले? बंदी घातली नाही. शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शक टिपणासह तो दाखवता येईल, असे ठरले. (निकालानंतर दोनच दिवसांनी गोर यांना हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाबरोबर शांततेचे नोबेल जाहीर झाले. पुरस्कार मिळाला म्हणून नऊ मुद्दे पुसले गेले नाहीत, आणि नऊ मुद्द्यांमुळे पुरस्कार अडला नाही.)

त्या निकालातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग म्हणजे 'समतोल' या अटीचा त्यात लावलेला अर्थ: न्याय्य आणि अलिप्त मांडणी. दोन्ही बाजूंना घड्याळ लावून सारखी मिनिटे, असा तो नाही. आपल्याकडे तोलाचा हा मुद्दा हटकून चुकीच्या जागी वापरला जातो. लसीकरणावर माहितीपट दाखवला तर लस न घेण्याची बाजूही दाखवा, भानामतीच्या नावाने होणाऱ्या छळावर दाखवला तर मांत्रिकालाही बोलवा, अशी मागणी तोलाची नाही. जातीवरून होणाऱ्या अत्याचारांवरचा माहितीपट दाखवला की काही पालक त्याला 'एकांगी' म्हणतात. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि तिच्या समर्थनाची बाजू मांडायला शाळा बांधील नाही. पण अत्याचार रोखण्यासाठी कोणते धोरण चांगले, आरक्षण कोणाला किती आणि किती काळ, धरण की छोटे बंधारे, हमीभावाला कायद्याचा आधार हवा की नको, या प्रश्नांवर समंजस माणसांत मतभेद आहेत, आणि तिथे दुसरी बाजू न मांडणे ही शाळेने मुलांशी केलेली लबाडी ठरेल. ही रेघ दर वेळी स्पष्ट दिसेलच असे नाही. ती कुठे ओढायची यावर शिक्षकखोलीत वाद झाला तर तो वेळ वाया गेला असे मी मानणार नाही.

जर्मनीत १९७६ साली बॉयटेल्सबाख या गावी राजकीय शिक्षणाच्या अभ्यासकांनी तीन तत्त्वे मान्य केली: विद्यार्थ्याला भारावून टाकून त्याच्या गळी मत उतरवू नये, समाजात आणि अभ्यासकांत जे वादाचे आहे ते वर्गातही वादाचे म्हणूनच मांडावे, आणि परिस्थितीत आपले हित कशात आहे हे तपासण्याची क्षमता विद्यार्थ्यात यावी. हिटलरच्या राजवटीत शाळा कशा राबवल्या गेल्या याचा अनुभव त्या देशाच्या गाठीशी होता. पहिले तत्त्व मला माहितीपटाच्या बाबतीत विशेष लागू वाटते. अंधार, मोठा पडदा, घुमणारे संगीत आणि शंभर मुलांच्या एकत्र टाळ्या, यात भारावून टाकण्याची सगळी सामग्री तयारच असते.

आपल्या कायद्यात इंग्लंडसारखे कलम नाही. संविधानाच्या कलम २८ (३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही. राजकीय मतांबाबत असे संरक्षण लिहिलेले नाही. मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला भयमुक्त ठेवणे आणि मते मोकळेपणाने मांडायला मदत करणे हे अभ्यासक्रमाचे एक सूत्र म्हणून कलम २९ मध्ये आहे. तो कायदा आठवीपर्यंतच लागू होतो, पण नववीला गेल्यावर मुलाने पुन्हा भ्यायला सुरुवात करावी असे तर कोणी म्हणणार नाही.

लिखित नियम नसल्यामुळे आपल्याकडे सगळे वरच्या लहरीवर चालते. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांवरच्या बीबीसीच्या माहितीपटाच्या लिंक केंद्र सरकारने बंद करायला लावल्या आणि काही विद्यापीठांत त्याच्या प्रदर्शनावरून तणातणी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या बालपणावर बेतलेला एक लघुपट केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि सीबीएसईच्या शाळांतून दाखवण्याची सूचना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाकडून निघाली. तो कथापट होता, माहितीपट नव्हे, हे मी मान्य करते. पहिला पट योग्य की अयोग्य, दुसरा प्रेरक की प्रचारकी, यावर आपली मते वेगवेगळी असतील आणि असू देत. एक पाहू नका आणि एक पाहाच, या दोन्ही आदेशांत शिक्षकाने पटाविषयी वर्गात काय विचारावे याला मात्र जागा नव्हती. आणि हा रोग एकाच पक्षाचा नाही. २०१२ मध्ये दुसऱ्या आघाडीचे सरकार असताना अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या १९४९ सालच्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला, सल्लागार असलेले सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पळशीकरांच्या पुण्यातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. ते पुस्तक मुलांना प्रश्न विचारायला लावण्यासाठी लिहिलेले होते.

आता मी आपल्याकडे काय मागते आहे ते सांगते. राजकीय विषयावरचा कोणताही पट सभागृहात शंभर-दोनशे मुलांना एकदम दाखवू नये. एका वर्गाला, त्या वर्गाच्या खोलीत, उजेड ठेवून दाखवावा. पाऊण तासाचा सगळा पट दाखवण्याचा हट्ट धरू नये. बारा-पंधरा मिनिटांचा भाग आणि त्यावर अर्ध्या तासाचे बोलणे हे प्रमाण मला अनुभवाने बरे वाटते, पण तुकडा निवडणे हीसुद्धा एक बाजूच असते, म्हणून पूर्ण पट कोणाला पाहायचा असेल तर शाळा सुटल्यावर सोय ठेवावी. आधी दोन शिक्षकांनी तो पाहिलेला असावा, आणि शक्यतो ते दोघे निवडणुकीत एकाच चिन्हावर बोट ठेवणारे नसावेत. शिक्षकखोलीत कोण कोणत्या बाजूचे आहे हे चहाच्या वेळी सगळ्यांना कळलेलेच असते, त्यासाठी चौकशी समिती नको. पट सुरू होण्याआधी फळ्यावर तो कोणी केला, केव्हा केला, पैसा कोणाचा आणि त्यात कोण बोलत नाही हे लिहावे. यातली एखादी गोष्ट शोधूनही सापडली नाही तर तसेच लिहावे, तीही माहितीच आहे.

पालकांना आधी कळवावे. डायरीत दोन ओळी पुरेत: अमुक तारखेला अमुक विषयावरचा पट दाखवला जाणार आहे, ज्यांना पाहायचे आहे त्यांनी आदल्या दिवशी शाळेत येऊन पाहावा. मुलाला त्या तासाला घरी ठेवण्याची सवलत द्यावी का, यावर मी बराच विचार केला. माझे मत ती सहजासहजी देऊ नये असे आहे, कारण ज्या घरात एकच बाजू ऐकू येते त्याच घरातले मूल आधी घरी बसेल. त्याऐवजी शंका असलेल्या पालकाने वर्गात मागे येऊन बसावे. पालक मागे बसलेला असताना शिक्षकही जपून बोलतो, आणि पालकालाही कळते की आपले मूल आपल्याला वाटते तितके बावळट नाही.

एका गोष्टीबाबत मात्र मी आग्रही आहे. पट संपल्यावर 'कोणाला पटले, हात वर करा' असे कधीही करू नये. गाव लहान असते. कोणाचा बाप कोणाच्या शेतात कामाला जातो, कोणाची आई कोणत्या पॅनेलकडून ग्रामपंचायतीत निवडून आली, हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असते, आणि वर गेलेला हात संध्याकाळपर्यंत घरी पोहोचतो. मत कागदावर, नाव न लिहिता, आणि हवे असेल तरच घ्यावे. तसेच विस्थापित घरातल्या मुलाला 'तू सांग बरं तुमच्याकडे काय झालं' असे वर्गासमोर उभे करू नये. त्याला बोलायचे असेल तर तो बोलेल. नसेल बोलायचे तर तो आपल्या घराचा साक्षीदार म्हणून शाळेत आलेला नाही.

'हे सगळे करायला वेळ कुठे आहे' हा आक्षेप मला मान्य आहे. शिक्षकाकडे निवडणुकीची कामे आहेत, ऑनलाइन नोंदी आहेत, दहावीचा निकाल आहे. म्हणूनच मी वर्षातून दोनच पट सुचवते, आणि ते जूनमध्ये वार्षिक नियोजनात लिहिलेले असावेत, म्हणजे निवडणूक तोंडावर आल्यावर कोणी लिंक पाठवली तर 'आमचे नियोजन ठरलेले आहे' असे मुख्याध्यापकांना सांगता येईल. वरून आलेल्या सक्तीच्या सूचनेला नाही म्हणणे कठीण असते हे मला समजते. पण ती चित्रफीत दाखवल्यावर त्यावर चर्चा घेऊ नका असे कोणत्याही पत्रात लिहिलेले नसते, आणि अहवालात फोटोंसोबत मुलांनी विचारलेले पाच प्रश्न जोडायलाही कोणी मनाई केलेली नाही. प्रत्येक शाळेने यासाठी एक साधी नोंदवही ठेवावी: पट कोणता, आधी कोणी पाहिला, दुसऱ्या बाजूचे काय वाचून दाखवले, मुलांनी काय विचारले. तक्रार आली तर ती नोंदवही पालकांपुढे उघडी करावी. तोंडी बंदी घालणाऱ्या त्या दोन शाळांकडे अशी वही असती तर तक्रार करणाऱ्यांना दाखवायला निदान काहीतरी असते.

माझी आपणा सर्वांना विनंती आहे की तालुक्याच्या मुख्याध्यापक संघाच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि जी काही रीत ठरेल ती लेखी ठरवावी. ज्या शाळेला पहिला तास घेऊन पाहायचा असेल तिथे मी माझ्या खर्चाने येईन. त्या तासासाठी पट मात्र आपल्या संस्थेच्या अध्यक्षांना आवडणारा निवडा, आणि त्यांनाही मागच्या बाकावर बसायला बोलवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
अमळनेर, जि. जळगाव